लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडलाय? दुकानात जाण्याआधी घरी काय काय तपासायचं

लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडलंय आणि तुम्ही हे मोबाइलवर वाचताय, असं असेल तर आत्ता एवढंच करा: पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे लॅपटॉप बंद होईल, चार्जर काढा, आणि सरळ खालच्या ‘चहा सांडला असेल तर’ या भागाकडे जा. बाकीच्यांनी सावकाश वाचलं तरी चालेल.

माझी भाची पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. “मामा, कीबोर्ड गेला माझा. काहीही टाइप केलं की मधेच आकडे येतायत. उद्या दुकानात टाकू का?”

मी म्हटलं, “इंग्रजीत मुंबई टाइप कर बघू. काय उमटलं?”

“शून्य, चार, शून्य, मग बी, ए, आणि शेवटी पाच.”

“नम लॉक चालू झालंय गं. एफएन धरून नम लॉकचं बटण दाब.”

दोन मिनिटांत काम झालं. ज्या छोट्या लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा नसतो, त्यातल्या काहींत यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६, जे, के, एल म्हणजे १, २, ३ आणि एम म्हणजे ०, अशी दुहेरी सोय असते. चुकून नम लॉक लागलं की अक्षरांच्या जागी आकडे येतात. बटणांवर कोपऱ्यात बारीक आकडे छापलेले असतील तर तुमचाही लॅपटॉप त्याच जातीचा.

भाचीला दुकानात जाऊ दिलं नाही, कारण मी एकदा ते करून बसलोय. बटण जरा जोर लावून, थांबून दाबलं तरच अक्षर उमटायचं, म्हणून एका दुकानात पैसे मोजून नवा कीबोर्ड बसवून घेतला. घरी आलो तर तीच तऱ्हा. विंडोजमधली फिल्टर कीज नावाची सोय चालू झाली होती, आणि ती बंद करायला एक क्लिक पुरलं असतं. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला हेच सांगतो की स्क्रू उघडण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा. त्याला कागद, पेन आणि अर्धा तास लागतो. पुढच्या पायऱ्या विंडोजचा लॅपटॉप धरून लिहिल्या आहेत.

आधी रीस्टार्ट, मग कागद

पहिलं काम रीस्टार्ट. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना यंत्रणेचा काही भाग जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, म्हणजे अडकलेली गोष्ट तशीच अडकलेली राहू शकते. मेन्यूतून ‘रीस्टार्ट’ निवडलं की सगळं नव्याने सुरू होतं.

त्याने फरक पडला नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. कीबोर्ड सांभाळणारी चिप गोंधळलेली असेल तर ती यातून ताळ्यावर येते.

आता नोटपॅड उघडा आणि वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे, एकही न वगळता प्रत्येक बटण दाबत जा. कागदावर तीन याद्या करा: अजिबात न चालणारी, एकदा दाबली तर दोनदा उमटणारी, आणि भलतंच काही उमटवणारी. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांचं काही उमटत नाही, म्हणून विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड आणा. खरं बटण दाबलं की पडद्यावरचं तेच बटण उजळतं. एखादं बटण न दाबताच उजळलेलं दिसलं तर ते आत अडकून बसलंय. कंट्रोल असं अडकलं की साधं अक्षर दाबलं तरी भलत्याच खिडक्या उघडतात, आणि व्हायरस आलाय असं वाटून माणूस घाबरतो.

हा कागद फेकू नका, पुढे त्याचंच काम आहे.

दुसरा कीबोर्ड लावून बघा

रूममेटचा, शेजारच्यांचा किंवा ऑफिसमधला कुठलाही साधा यूएसबी कीबोर्ड मागून आणा. विकत घ्यायचा तर चारपाचशे रुपयांत मिळतो आणि पुढे पडून राहत नाही.

बाहेरच्या कीबोर्डवरही तोच त्रास होत असेल तर दोष सेटिंगमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे, लॅपटॉपची बटणं निर्दोष आहेत. बाहेरचा नीट चालतो आणि आतलाच रुसलाय, तर दोष आतल्या भागाचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कीबोर्ड आणि विंडोज यांची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा. एका अपवादाकडे मात्र लक्ष ठेवा. आतलं एखादं बटण दबून राहिलं असेल तर ते सतत संकेत पाठवत राहतं, आणि त्यामुळे बाहेरचा धडधाकट कीबोर्डही बिघडल्यासारखा वागतो.

सेटिंगमधले नेहमीचे गुन्हेगार

उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज फिल्टर कीज चालू करू का असं विचारतं. विचार करताना बोट शिफ्टवर टेकून राहिलं आणि समोर आलेल्या खिडकीला न वाचता ‘हो’ म्हटलं की झटपट दाबलेली बटणं दुर्लक्षित होऊ लागतात. माझं झालं ते हेच. शिफ्ट पाच वेळा दाबलं तर स्टिकी कीज विचारलं जातं. ते चालू झालं की शिफ्ट किंवा कंट्रोल सोडल्यावरही दाबलेलंच धरलं जातं. हात थरथरणाऱ्या किंवा एकाच हाताने टाइप करणाऱ्या लोकांसाठी या दोन्ही सोयी मोलाच्या आहेत, आपल्याला फक्त त्या नको असताना लागल्या आहेत. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जाऊन बंद करा. विंडोज १० मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या जागी ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ लिहिलेलं असेल.

एफ१ ते एफ१२ दाबल्यावर आवाज किंवा उजेडच कमीजास्त होत असेल तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबल्याने ते पालटतं. एक्सेलमध्ये बाणाचं बटण दाबल्यावर चौकट न हलता अख्खं पान सरकत असेल तर स्क्रोल लॉक लागलंय. ते बटण लॅपटॉपवर बहुधा नसतंच, त्यामुळे पडद्यावरच्या कीबोर्डवरून बंद करा. गेमिंग लॅपटॉपवर फक्त विंडोजचं बटण मेलेलं दिसलं तर ते गेमसाठी मुद्दाम कुलूपबंद करायची सोय असते, ती लागलीय का बघा.

अक्षर भलतंच येतंय: भाषेचा घोळ

मराठीत लिहिणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त तक्रारी याच येतात, आणि कीबोर्ड खराब असतो तो यातल्या फार थोड्या वेळी.

शिफ्ट आणि २ दाबल्यावर ईमेलमधलं ॲटचं चिन्ह यायच्या ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येत असेल, तर मांडणी ब्रिटिश झाली आहे. आपल्याकडच्या लॅपटॉपवर छापलेली असते अमेरिकन मांडणी. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, तिथे बघा. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून मांडणी बदलता येते. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं तरी भाषा बदलते, आणि ते घाईघाईत नकळत दाबलं जातं. जी मांडणी कधीच लागत नाही ती सेटिंग्जमधून काढूनच टाका.

मराठी कीबोर्ड जोडल्यावर वेगळाच गोंधळ होतो. के दाबलं की क येतो, म्हणून उच्चाराप्रमाणे टाइप होईल असं वाटतं. मग जे दाबलं की र, एच दाबलं की प, आणि माणूस म्हणतो कीबोर्ड गेला. ही इनस्क्रिप्ट मांडणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि हीच रचना बाकीच्या भारतीय लिप्यांनाही लागू. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकात घेतलं, आणि १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ती देशभर पोचवायला मोठा हात लावला. शिकायला आठवडाभर जड जाते, पण एकदा बोटांत बसली की सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. उच्चाराप्रमाणेच लिहायचं असेल तर विंडोजमध्ये २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ ही वेगळी मांडणी मिळते, भाषेच्या पर्यायांतून ती जोडून घ्या. टायपिंगच्या क्लासला रेमिंग्टन मांडणी शिकलेल्यांना ती वेगळ्या सॉफ्टवेअरमधून घ्यावी लागते.

तिसरा प्रकार छापखान्याकडून किंवा जुन्या संगणकावरून आलेल्या फाइलींचा. मजकूर मराठी असायला हवा आणि दिसते रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तो मजकूर टाइप केलेला असतो आणि तुमच्याकडे तो फॉन्ट नसतो. फॉन्ट घाला किंवा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करून घ्या.

विंडोजच्या बाहेर जाऊन खात्री

सगळं करूनही ताळमेळ लागत नसेल तर कीबोर्ड अशा जागी तपासायचा जिथे विंडोज पोचलेलंच नाही. लॅपटॉप सुरू होताना डेलवर एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. एचपीवर एस्केप टपटप दाबत राहा आणि मग एफ२. दोन्हीकडच्या बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डची चाचणी असते. इतर कंपन्यांचे बरेच लॅपटॉप एफ२ वर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मूळ सेटिंगचा पडदा, उघडतात, तिथे निदान बाण आणि एंटर चालतात का ते कळतं. बायोसमध्ये काहीही बदलू नका, न साठवता बाहेर पडा. तिथला एखादा बदल झाला की काही लॅपटॉप पुढच्या वेळी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच बघून कागदावर लिहून ठेवलीत तर उत्तम, दुरुस्तीला देतानाही तीच लागू शकते.

इथे सगळी बटणं चालली आणि विंडोजमध्ये चालत नाहीत, तर ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कीबोर्डखालची नोंद अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा; विंडोज ड्रायव्हर आपोआप परत घालतं. इथेही बटणं मेलेलीच असतील तर दोष वस्तूत आहे, सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

आता तो कागद काढा

लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणासाठी वेगळी तार नसते. ऐंशी-शंभर बटणांना तेवढ्या तारा कुठून आणणार? म्हणून आतल्या पातळ प्लॅस्टिकच्या थरांवर आडव्या आणि उभ्या रेघा छापलेल्या असतात. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना टेकते, आणि चिप ओळखते की या चौकातलं बटण दाबलं गेलं. पेठेतल्या दोन गल्ल्या सांगितल्या की चौक कळतो, तसंच. या सगळ्या रेघा एका चपट्या रिबनमधून मदरबोर्डपर्यंत, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटपर्यंत, जातात.

त्यामुळे बटणं कोणती गेली यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं सांगता येतं.

एकच बटण गेलं असेल तर बहुधा त्याच्याच खाली कचरा आहे, रबराची टोपी फाटली आहे किंवा कात्रीसारखा प्लॅस्टिकचा सांगाडा निखळलाय. हे घरी सुटू शकतं.

चार, सहा, आठ बटणं एकदम गेली आणि ती कीबोर्डवर विखुरलेली असतील, तर ती एकाच रेघेवरची आहेत. रेघा आतून वाकड्यातिकड्या जातात, त्यामुळे वरून पाहताना त्या बटणांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. रेघ तुटलीय, गंजलीय किंवा रिबनचा एक दात नीट टेकत नाही. पुसून किंवा फुंकून हे जाणार नाही. कधी लॅपटॉप गरम झाल्यावर किंवा तळहाताने दाबल्यावर ती बटणं चालू-बंद होत असतील तर रिबनचा संशय पक्का. रिबन पुन्हा नीट बसवून कीबोर्ड वाचल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, म्हणून दुकानात ‘आधी रिबन काढून लावून बघा’ असं जरूर म्हणा.

एकाच कोपऱ्यातली शेजारशेजारची बटणं गेली असतील तर तिथे काहीतरी ओलं पोचलंय. तुम्ही सांडलं नसेल तरी पोचतं. जुलैत दुचाकीवरून पाठपिशवीत लॅपटॉप घेऊन कर्वे रस्त्याने घरी आलात आणि पिशवी तळातून भिजली होती, एवढंही पुरतं.

आणि सगळाच कीबोर्ड एकदम थंड पडलाय, पण टचपॅड आणि बाकी सगळं ठीक आहे, तर रिबन निसटली असण्याची किंवा कीबोर्ड सांभाळणारी चिप बिघडल्याची शक्यता जास्त.

एक अक्षर दोनदा उमटतंय, असं असेल तर आतला संपर्क मळलाय किंवा झिजलाय. लिपिक-टंकलेखक पदाला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्याचा सराव करणाऱ्या मुलांना अशा कीबोर्डवर आपलीच चूक होतेय असं वाटत राहतं. आपल्या बोटांवर विश्वास ठेवा आणि आधी दुसऱ्या कीबोर्डवर तोच उतारा टाइप करून पाहा.

स्वच्छता

लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर. लॅपटॉप तिरका धरून मऊ ब्रशने बटणांच्या फटी झाडा, दाबलेल्या हवेचा डबा असेल तर थोड्या थोड्या फवाऱ्यांनी मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. चिकट बटणाला ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन कडेने लावा, बटण वीस-पंचवीस वेळा दाबा, पूर्ण सुकू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात चिकटपणा आणणारे पदार्थ असतात.

बटणाची टोपी काढायचीच असेल तर आधी तुमच्याच मॉडेलचा व्हिडिओ शोधा, कारण टोपी कुठल्या बाजूने उचलायची ते मॉडेलप्रमाणे बदलतं. उलट्या बाजूने जोर लावला की खालच्या सांगाड्याचे नखाएवढे हूक मोडतात. स्पेसबार आणि एंटरखाली तार असते, नवख्याने त्यांना हात लावू नये.

चहा सांडला असेल तर

पाण्यापेक्षा चहा वाईट, कारण पाणी उडून जातं. साखर आणि दूध मागे राहतं, ते चिकटतं आणि हळूहळू आतल्या धातूच्या रेघा खातं. मी एकदा चहा सांडल्यावर वरवर पुसून काम चालू ठेवलं होतं. दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर अर्धी बटणं मेलेली, आणि संध्याकाळपर्यंत मदरबोर्डही गेला. सांडल्यानंतर ‘चालतंय की’ असं वाटणारे ते दोन दिवसच घातक असतात.

लॅपटॉप बंद केल्यावर तो उघडा ठेवूनच उलटा करा, टेबलावर तंबूसारखा, म्हणजे द्रव कीबोर्डमधून बाहेर गळेल आणि खाली मदरबोर्डकडे उतरणार नाही. खाली टॉवेल घाला. हेअर ड्रायर नको, गरम हवेने प्लॅस्टिक वाकतं आणि द्रव आणखी आत ढकलला जातो. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. तांदूळ आतली साखर काढत नाही, उलट कोंडा यूएसबी वगैरेच्या खाचांमध्ये शिरतो. साधं पाणी थोडंसंच सांडलं असेल तर निदान ४८ तास पंख्याखाली ठेवा, पावसाळी हवेत त्याहून जास्त. चहा, कॉफी, सरबत असेल तर सुकण्याची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी उघडून साफ करून घ्या. चालू करून बघायचा मोह टाळा.

दुकानात खरं सांगा की चहा सांडला. नेहमीच्या वॉरंटीत सांडलेलं धरत नाहीत, त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. पण लपवलं तर तंत्रज्ञ भलतीकडेच शोधत बसतो आणि तेवढ्यात गंज पसरतो.

ही एक खूण दिसली तर थांबा

बटणं मधोमध वर आल्यासारखी वाटतायत, टचपॅड दबत नाही, झाकण नीट मिटत नाही: आतली बॅटरी फुगली असू शकते. चार्जिंग बंद करा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि तसाच दुकानात न्या. काढलेली बॅटरी घरच्या सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ती ई-कचऱ्यातच गेली पाहिजे.

दुरुस्तीपर्यंत काम चालवायला

लॉगिनच्या पडद्यावर पिनचे आकडेच चालत नसतील तर कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. एखाददुसरं बटण मेलं असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरने कॅप्स लॉकसारख्या फारशा न लागणाऱ्या बटणाला मेलेल्या बटणाचं काम देता येतं. मात्र हे लॉगिन झाल्यानंतरच चालतं.

दुकानात

वॉरंटी असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर, दुसरीकडे उघडूही देऊ नका. नसेल तर पुण्यात फर्ग्युसन रस्त्याजवळ ज्ञानेश्वर पादुका चौकात संगणकाची पुष्कळ दुकानं आहेत, आणि सुट्या वस्तूंसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिकडे गाडी लावायला जागा मिळणं कठीण, मेट्रोने मंडई किंवा कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत जाणं सोपं. निदान दोन ठिकाणी विचारा, आणि विचारताना लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल क्रमांक आणि तुमचा तो कागद समोर ठेवा. कागद पाहिला की समोरचा माणूसही मुद्द्याचं बोलतो.

पहिला प्रश्न हा विचारा की या मॉडेलचा कीबोर्ड एकटा बदलतो की वरच्या पॅनेलसकट. जुन्या जाड लॅपटॉपचा कीबोर्ड चार स्क्रू काढले की सुटतो. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तो वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी पॅनेलला जखडलेला असतो. कुणी ते खिळे कापून नवा कीबोर्ड बसवतं, कुणी अख्खं पॅनेल बदलतं. पॅनेल महाग, पण मजबूत. खिळे कापून बसवलेला कीबोर्ड कधीकधी मधोमध लवतो, म्हणून रोज खूप टाइप करणाऱ्याने परवडत असेल तर पॅनेलच घ्यावं असं माझं मत आहे. तुमच्या बटणांखाली दिवे असतील तर नवाही दिव्यांचा हवा, हे आधीच ठरवून घ्या.

देण्याआधी डेटाची प्रत काढा. तुमचा पासवर्ड सांगण्याऐवजी विंडोजमध्ये एक वेगळं साधं खातं उघडून त्याचा पासवर्ड द्या. काय बदलणार, किती पैसे आणि किती दिवसांची हमी हे पावतीवर लिहून घ्या.

परत घेताना दुकानातच नोटपॅड उघडून पुन्हा वरच्या ओळीपासून प्रत्येक बटण दाबा. टचपॅड, बटणांचे दिवे, पॉवरचं बटण आणि झाकण मिटणं तपासा, तळाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का ते मोजा. आणि जुना कीबोर्ड मागून घ्या. नव्याची मांडणी आणि बनावट तीच असेल तर त्याच्या टोप्या आणि रबरं पुढे एखादं बटण निखळल्यावर उपयोगी पडतात. भाचीच्या लॅपटॉपची एंटरची टोपी तिने अशीच एका डबीत जपून ठेवली आहे.